दोन टेकड्यांची सोयरीक

प्रा. मालतीबाईंची पहिली ओळख झाली ती नाशिकच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्र विभागात, १९७०च्या सुमारास. मी खेड्यातून आलेला नवखा निर्देशक. एका सुकलेल्या रोपाला मी ‘बिचारं’ म्हणालो. बाई म्हणाल्या, “बिचारं कशाला? त्याचं काय अडलंय ते पाहा.” पुढची सगळी वर्षे मी हेच शिकत आलो.

वणीच्या अलीकडे देवीच्या टेकडीवर एक दुर्मीळ पांढरे रानफूल आहे. चराईमुळे ते संपत आले होते. बाईंनी तग धरून राहिलेल्या एका कंदाचे तुकडे करून, ते लावून, काही वर्षांत उतार भरून काढला. आम्ही सारे खूश. पण फुले येत आणि गळून जात, फळ धरेना. बाईंनी भर वर्गात सांगितले, “चूक माझी आहे. झाडं पुष्कळ दिसतात, पण ते एकच झाड आहे, पुन्हा पुन्हा लावलेलं. स्वतःच्याच परागावर ते फळ धरत नाही, आणि एक रोग आला की सगळी जातील.”

तेच फूल पेठकडच्या डोंगरावर होते. तिथले पराग बाटलीत आणून कुंचल्याने इथल्या फुलांवर ठेवायचे, असे ठरले. टेकडीवरच्या पुजारीण सखूबाई आडव्या आल्या.

“देवीच्या फुलाला हात नाय लावायचा. बाटलीत काय हाय?”

बाई शेजारी बसल्या. “मावशी, तुमच्यात भावकीत सोयरीक करतात?”

“काय बी इचारता!”

“ही फुलं सगळी भावकीच आहेत. म्हणून पेठहून स्थळ आणलंय.”

सखूबाई खळखळून हसल्या. “आन् वटी न भरताच पोर उजवायची? लय घाई तुमाला!”

बाई हसण्यावारी नेतील, असे मला वाटले. पण त्या खाली गावात उतरल्या, खण-नारळ घेऊन आल्या, पदर घेऊन देवीची ओटी भरली आणि मगच कुंचला काढला. परतताना एसटीत मी विचारले, “बाई, तुमचा विश्वास आहे?”

“टेकडी त्यांची आहे. कुणाच्या घरात शिरताना आपण चपला काढतोच ना?”

पाऊस ओसरताना एसटीच्या कंडक्टरकडून सखूबाईंचा निरोप आला: “बाईंना सांगा, पोर पोटुशी हाय.” फळ धरले होते. निरोप ऐकून बाई खिडकीकडे वळल्या.

त्या बियांची रोपे आता फुलतात. कुणाची पाकळी रुंद, कुणाचा देठ उंच. बाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, हे कळल्यावर आम्ही उभयता टेकडीवर जाऊन आलो. सौभाग्यवतींनी ओटी भरली. मी एवढेच मागितले, की बाईंना उदंड आयुष्य लाभो आणि हा चढ चढण्याइतके त्यांचे गुडघे धड राहोत; दरवर्षी तिथे फुलांची नवी तोंडे त्यांची वाट पाहत असतात.