पित्ताचे खडे आणि तीन वर्षांची गोळी

"पित्ताशयात खडे आहेत. एक-दोन नाहीत, बरेच आहेत," सोनोग्राफी करणारे डॉक्टर म्हणाले आणि पोट पुसायला माझ्या हातात कागद दिला. मला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग संताप आला. पाच महिने मी जे सांगत होते, ते कुणी नीट ऐकलंच नव्हतं.

मी अंगणवाडी पर्यवेक्षिका. घर नंदुरबारजवळ रनाळ्याला, काम डोंगरातल्या धडगाव भागात. आठवडाभर तिकडेच खोली घेऊन राहते. पहिली कळ घाटात, जीपमध्ये आली. उजव्या बरगडीखाली सुरू झाली आणि थेट खांद्यामागे गेली. जीप थांबवून उलटी केली. घाट लागला, असं सगळ्यांनी ठरवलं. मीही.

पण पुढे सपाट जमिनीवरही कळा येऊ लागल्या. तेलकट जेवण झालं की तासाभरात हमखास.

पहिल्या डॉक्टरांनी ॲसिडिटी म्हणून गोळ्या दिल्या. दुसरे म्हणाले, "उपास कमी करा." मी उपास करतच नाही, हे सांगेपर्यंत त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली होती. तिसऱ्यांनी ईसीजी, म्हणजे हृदयाचा आलेख काढला. तो चांगला आला. "टेन्शन घेऊ नका," ते म्हणाले. चौथ्यांदा दाखवलं तेव्हा सोनोग्राफी मीच मागून घेतली.

रिपोर्ट घेऊन मी आणि नवरा नंदुरबारच्या सर्जनकडे गेलो. बाहेर दोन तास बसलो होतो. तेव्हा त्याने आमच्या अहिराणीत विचारलं, "तू त्या चरबीन्या गोया कवयपासून खाई ऱ्हायनी, सांगं का कोणले?"

नव्हतं सांगितलं. त्या चरबीच्या गोळ्यांबद्दल कुणी विचारलं नव्हतं आणि मलाही सुचलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी माझं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी, त्याहून जास्त. गावाकडच्या डॉक्टरांनी दोन गोळ्या सुरू केल्या. एक स्टॅटिन, एक फेनोफायब्रेट. तेव्हापासून मेडिकलमध्ये रिकामी स्ट्रिप दाखवायची, नवी घ्यायची. चिठ्ठीवर 'तीन महिन्यांनी तपासणी' असं लिहिलेलं होतं. मी गेले नाही. त्यांनीही नंतर कधी विचारलं नाही.

सर्जनने दोन्ही स्ट्रिप उलटून पाहिल्या. फेनोफायब्रेटवर बोट ठेवून ते म्हणाले, "ही गोळी ट्रायग्लिसराइड कमी करते, पण पित्तात कोलेस्टेरॉल जास्त उतरवते. पित्तात ते मावेनासं झालं की त्याचे कण साचतात. त्यांचे खडे होऊ शकतात."

"म्हणजे या गोळीनेच झालं?"

"तसं खात्रीने सांगता येणार नाही. वय, वजन, घराण्यात कुणाला असणं, बायकांमध्ये तसंही प्रमाण जास्त. गोळीने भर घातली असेल. खडे आहेत म्हटल्यावर ही आता बंद."

मी म्हटलं, आजपासून दोन्ही बंद.

"स्टॅटिन बंद करायची नाही," ते जरा आवाज चढवून म्हणाले. "ती यकृतातच कोलेस्टेरॉल कमी बनू देते. तिचा हा त्रास नाही. वडील कशाने गेले तुमचे?"

हार्ट अटॅकने. पन्नाशीतच. स्टॅटिनची स्ट्रिप मी परत पर्समध्ये ठेवली.

ऑपरेशन ठरलं. लॅपरोस्कोपिक कोलेसिस्टेक्टॉमी, म्हणजे पोटाला चार छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीने पित्ताशय काढणं. सकाळपासून पाणीसुद्धा न घेता पडून राहिले. दुपारी नर्स म्हणाली, भूलतज्ज्ञ आज येत नाहीत, उद्या करू. तेव्हा मात्र मला रडू आलं. दुखण्यापेक्षा त्या वाट पाहण्याने जास्त.

दुसऱ्या दिवशी झालं. खडे बाटलीत घालून नवऱ्याच्या हातात दिले. "हाई तर हरभराना मायक दिखी ऱ्हायनं," तो म्हणाला. खरंच हरभऱ्यासारखे होते. त्याने बाटली पिशवीत टाकली. तिसऱ्या दिवशी घरी आलो.

महिन्याभराने मी गावाकडच्या डॉक्टरांकडे गेले. भांडायलाच गेले होते. सगळे कागद टेबलावर मांडले आणि म्हटलं, "फेनोफायब्रेटने खडे होऊ शकतात, हे तुम्ही एकदा तरी सांगायला हवं होतं."

त्यांनी कागद सावकाश वाचले. कारणं दिली नाहीत. "हो, हवं होतं," एवढंच म्हणाले. मग विचार करून म्हणाले, "बाई, ही गोळी माझ्याकडे अजून चार-पाच जण घेतात. त्यांचं रक्त परत तपासून घेतो. ज्यांना गरज नाही त्यांची बंद करतो."

माझ्यासमोर त्यांनी पहिला फोन लावला. पलीकडे कुणी म्हातारे असावेत, कारण डॉक्टरांना जोराने बोलावं लागत होतं. "काका, पोटात दुखतं का? उजव्या बाजूला? जेवल्यावर?"

माझा राग सगळा गेला नव्हता. पण ते काका काय सांगतात ते कळेपर्यंत मी खुर्चीवरून उठले नाही.