आईला मल्याळी सिनेमा सांगताना

मुरबाडकडच्या आमच्या गावात मल्याळी सिनेमाची परीक्षक एकच, माझी आई. तिला मल्याळी येत नाही, इंग्रजीही नाही. रविवारी दुपारी जेवणं उरकली की लॅपटॉप पाटावर ठेवायचा, खाली येणारी इंग्रजी वाक्यं मी वाचायची आणि तिला मराठीत सांगायची, असा आमचा कारभार. त्यात मी कामचुकार. नायक पाच मिनिटं तावातावाने बोलला, तरी मी म्हणायचे, "तो नाय म्हणतोय."

"एवढा वेळ?" आई संशयाने बघायची.

तिचं लक्ष गोष्टीपेक्षा घराकडे. टोपाचं बूड काळं आहे का, पेज कशी गाळतात, बाई चप्पल घालून तर शेतात उतरली नाही ना. हिंदी सिनेमात कुणी भांडी घासताना दिसत नाही, म्हणून ते सिनेमे बाद. या लोकांवर मात्र तिचा जीव जडला. "आपल्यातलेच हायत," ती म्हणायची, "फक्त खोबरं जरा जास्तच घालतात."

खरं सांगायचं तर मी तिला फसवत होते. कोचीतल्या एका कंपनीत मी अर्ज केला होता आणि भाषा कानावर पडावी म्हणून हे सिनेमे लावत होते. नोकरी लागल्याचं पत्र येऊन आठ दिवस झाले, तरी सांगायचा धीर होईना. घरात आम्ही दोघीच.

त्या रविवारी सिनेमातली मुलगी नोकरीसाठी दुबईला निघाली.

"कुठं चालली ती?" आईने विचारलं.

"मावशीकडं. दोन दिवस," मी बेधडक ठोकून दिलं.

पडद्यावरची आई लोणच्याची बरणी फडक्यात गुंडाळून बॅगेत कोंबत होती.

"दोन दिवसांना एवढी बरनी?" आई म्हणाली. मग तिने माझ्याकडे बघितलं. "तू कवा चाललीस गो?"

मला रडूच आलं. सगळं सांगून टाकलं. ती ऐकत होती, पण डोळे पडद्यावर. तिथे मुलीची रिक्षा सुटली, वळणाआड गेली, तरी तिची आई दारातच उभी होती.

आईला त्या बाईचा रागच आला. "दारात काय उभी रायलीय? जायचं ना पोरीसोबत थोडं."

"आई, मी जाऊ?"

"जा. पन मी कल्यान स्टेशनापर्यंत येनार. आनि गाडी सुटली तरी लगेच घरी नाय येनार. बसेन तिथंच थोडा वेळ."