आत्याआजीच्या नावाचं पाकीट

मंडळी, सकाळपासून डोक्यात किडा वळवळतोय, म्हणून इथे लिहितेय.

चिंचवडच्या घरचा माळा आवरताना आजोबांच्या ट्रंकेत पन्नासच्या दशकातल्या एका अर्जाची नक्कल सापडली. त्यांची बहीण, म्हणजे आमची आत्याआजी, पिंपरीच्या कारखान्यात मशिनं बसवायला आलेल्या परदेशी इंजिनिअरशी लग्न करणार होती. नोंदणी कचेरीत नोटीसही लागली होती. त्यावर आजोबांनीच हरकत घेतली होती: 'सदर इसमाची मायदेशी बायको असावी. तो अविवाहित असल्याचा दाखला येईपर्यंत लग्न लावू नये.'

आम्हाला मात्र लहानपणापासून सांगितलं होतं, की साहेब पळून गेला.

नव्वदीतल्या आत्याआजीला आता दिसत नाही. मी अर्ज वाचून दाखवला. ती जराही दचकली नाही.

"दादाला नावं ठेवू नगं. म्याच लिवाय लावलं त्याला. मलाच भरवसा नव्हता."

"मग लग्न का मोडलं?"

"दाखला आलाच न्हाई. त्याच्या देशातनं आला असता, तर मी डोळे झाकून गेले असते."

हे ती खरं सांगतेय की भावाला अजून पाठीशी घालतेय, कळेना. म्हणून मी पुन्हा ट्रंक उपसली. तळाशी वकिलातीचं पाकीट होतं, आत्याआजीच्या नावाचं, कडेनं नीट कापून उघडलेलं. आत दाखला: अविवाहित.

आतून ती विचारतेय, "आणखी काय घावलं गं?"

तुम्ही काय सांगितलं असतं?