थोरल्याची भाऊबीज

या सदरातले गूढ अनुभव मी नेमाने वाचतो आणि बहुतेकांना हसतो, हे आधीच कबूल केलेलं बरं. वाचता वाचता बायकोला सांगत असतो, या बाईंच्या खिडकीची बिजागरी सैल होती आणि त्या गृहस्थांना पित्त झालं असणार. जन्मभर इंजिनं उघडली-जोडली, दुसरं काही केलं नाही. यंत्र बंद पडलं की त्याला कारण असतं, आणि चालू झालं तरी असतंच... तरीही एक गोष्ट चाळीस वर्षं माझ्या डोक्यात अडकून बसली आहे. वाचकांत कुणी इंजिनिअर असेल तर त्याने सांगावं, मी आभारी राहीन.

साल पन्नास-बावन्नच्या आसपासचं. आमची वाडी वसईत, निर्मळच्या अलीकडे. केळी, पानवेली, थोडी फुलं, आणि विहिरीवर ऑइल इंजिन. त्या सालाच्या पंचवीस-तीस वर्षं आधी वडिलांनी ते घेतलं, तेव्हा आसपासच्या वाड्यांत रहाटच होते, माणसं बघायला यायची म्हणे. मी तेव्हा जन्मलो नव्हतो. घरात एकटी ताई, चार वर्षांची. आमच्याकडे जिला भाऊ नाही तिने भाऊबीजेला चंद्राला ओवाळायचं. ताईने त्या वर्षी भोकाड पसरलं की चंद्र नको, तो लांब आहे. वडील मुलखाचे मिश्कील. त्यांनी तिला उचलून विहिरीवर नेलं आणि म्हणाले, हा घे तुझा भाऊ, घरात आल्यापासून नुसतं कामच करतोय बिचारा. तिने इंजिनाला कुंकू लावलं, ओवाळलं, पुढ्यात लाडू ठेवला. दोन वर्षांनी मी झालो, पण पहिल्या ओवाळणीचा मान त्याचाच राहिला. तो थोरला, मी धाकटा. मोठेपणी मी यावरून तिची यथेच्छ चेष्टा केली. बाई ढिम्म हलली नाही.

थोरल्याला एक खोड होती. चार ठोके नीट द्यायचा आणि पाचव्याला खोकायचा. टुक् टुक् टुक् टुक्... खोक्! मेकॅनिक आले, गेले, मी स्वतः खटपट केली, खोकला काही गेला नाही. डोळे मिटून सांगता यायचं की हे आमचंच. पुढे वडील गेले आणि वर्षभरात त्याचा सिलिंडर चिरला. मी नवं इंजिन आणलं, पट्टा त्याच्यावर चढवला. थोरल्याचा पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड काढून गोणपाटात बांधून माळ्यावर टाकला — हे कृपया लक्षात ठेवा. विहिरीवरच्या खोपीत उरला तो नुसता सांगाडा. ताई सासरहून दिवाळीला आली की त्या सांगाड्यालाही ओवाळायची.

आता बोटीचं. कळंबला मुंबईच्या एका शेटजींचा बंगला होता. त्यांनी देश सोडून जाणाऱ्या एका साहेबाकडून जुनी मोटरबोट घेतली. सागवानी, बसायला गाद्या, पितळेची घंटा — सगळा थाट हौसेचा. इंजिन दोन सिलिंडरचं, पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर टाकायचं. ते जाम झालं होतं. शेटजींनी माझं नाव ऐकून मला बोलावलं. मी तीन आठवडे खपून ते चालू केलं, आणि शेटजी खूश होऊन म्हणाले, दिवाळीत घरच्यांना फिरवून आण.

भाऊबीजेला सकाळी ताईने ओवाळलं. आधी थोरल्याला, मग मला. मी विचारलं, काय घालू ओवाळणी? ती म्हणाली, "लुगडं नको. मला त्या बोटीतून फिरव." आम्ही वाडीवाले. समुद्र हाकेच्या अंतरावर, पण आमचा त्याच्याशी संबंध केळीला घालायच्या मासळीच्या खतापुरता. ताईने खाडीत कधी पाऊल घातलं नव्हतं. आई नको नको म्हणत होती. ताईची दोन्ही मुलं आईपाशी ठेवून आम्ही जेवून निघालो.

बोट वसईच्या खाडीत, मुखाजवळच्या पाचूबंदरला असायची. सुकाणूवर पेद्रूमामा, तिथलाच म्हातारा कोळी तांडेल. त्याने दोन गोष्टी सांगितल्या. एक, वल्ही घे. बोट स्वच्छ करताना मी ती उतरवून ठेवली होती. मोटरबोटीला वल्ही म्हणजे मला अपमान वाटला, घेतली नाहीत. दुसरी, लवकर परत फिरायचं. "भाऊ, आज दूज. उधानाची सुकती. पानी सगला गाल घेऊन जातं, तुजं यंत्र तो पिनार नाय." सुकती म्हणजे ओहोटी, गाल म्हणजे गाळ. मी हसलो. आमची इंजिनं विहिरीच्या पाण्याने थंड होतात, नितळ, थंडगार पाण्याने. पाणी म्हणजे पाणीच, असा माझा समज. खाडीचं पाणी ओढून घेणाऱ्या नळाला एक जाळी होती, ती मी महिन्यातून एकदा धुवायचं ठरवलं होतं. विहिरीवर तेवढं पुरतं ना!

जाताना भरती संपत आली होती. ताई रेल्वेच्या पुलापर्यंत लहान मुलीसारखी दोन्ही काठांकडे बघत होती. मला फार बरं वाटलं. तिच्या सासरी हौसमौज नव्हती, माहीत होतं मला. म्हणून पेद्रूमामा फिरू या म्हणाला तरी मी अजून थोडं, अजून थोडं करत राहिलो. परत वळलो तेव्हा ओहोटी चांगलीच लागली होती.

अर्ध्या वाटेत रंग जळल्याचा वास आला. इंजिन थंड करून धुराड्यातून बाहेर पडणारं पाणी बंद झालं होतं, नुसती वाफ. जाळी गाळाने लिंपून गेली होती. मी इंजिन बंद करायला हात घातला, तेवढ्यात टक् टक् झालं आणि मग एकच दणका. कनेक्टिंग रॉड तुटून क्रॅन्ककेस, म्हणजे इंजिनाची खालची पेटी, फोडून बाहेर आला. मूठ जाईल एवढं भोक! गरम तेल माझ्या पायावर. फ्लायव्हीलचं चाक दोन्ही हातांनी ओढलं, इंचभर हललं नाही. दुरुस्ती वगैरे सोडाच, ते इंजिन मेलं होतं.

नांगर टाकला. दोर ताणला आणि तुटला. तीन आठवडे मी इंजिनाचा स्क्रू न् स्क्रू बघितला होता, दोराकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. बोट वाहू लागली. बंदराच्या समोरून आम्ही मधल्या धारेतून पुढे गेलो. काठावरची माणसं हात हलवत होती, पण त्यांच्या होड्या चिखलात बसलेल्या. पुढे खाडीचं मुख, तिथे वाळूच्या दांड्यावर लाटा फुटत होत्या, पांढरी रेघ दिसत होती. त्या लाटांत बोट आडवी गेली तर उलटणार, हे न सांगता कळत होतं. मी आणि पेद्रूमामा पोहलो असतो. ताईला पोहता येत नव्हतं, अंगावर नऊवारी. मला तिची मुलं आईच्या मांडीवर दिसायला लागली. मीच आणलं होतं ना तिला! 

ताई मात्र मान वाकडी करून काहीतरी ऐकत होती. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली,

"थोरला आला बघ."

आणि मला ऐकू आलं. टुक् टुक् टुक् टुक्... खोक्.

मी आधी मेकॅनिकसारखाच वागलो, हे सांगायला हवं. आजूबाजूला दुसरी बोट आहे का बघितलं. नव्हती. आमच्या इंजिनावर हात ठेवला. तापलेलं, पण निश्चल. फळी उचलून पाण्यातल्या पंख्याचा दांडा बघितला, तोही फिरत नव्हता. तरी पायाखालची बोट त्या ठोक्यांनी थरथरत होती. मागे पाण्याला फेस येत होता. पेद्रूमामा सुकाणू धरून उभा राहिला. "पानी लागतंय सुकानाला," एवढंच म्हणाला, म्हणजे सुकाणू बोटीला वळवू लागलं होतं, आणि छातीवर क्रूस करून त्याने बोटीचं तोंड वळवलं.

बोट ओहोटीविरुद्ध चालली होती. वेगात नाही... आमचं विहिरीचं पाणी जसं पाटातून जातं, तशी संथ. काठावरचं एक वाकडं माडाचं झाड मी खूण म्हणून धरलं. ते हळूहळू मागे गेलं. पंधरा-वीस मिनिटं तरी झाली असतील. बंदराजवळच्या गाळाला बोटीचं नाक टेकलं आणि ठोके थांबले. गुडघाभर चिखलातून ताईला आम्ही बाहेर काढलं. काठावरच्या लोकांनी विचारलं, तुम्हाला ओढून कोणी आणलं? मी घोडागाडी शोधायला लागलो.

घोडागाडीने वाडीवर पोचलो तो दिवेलागण होत होती. वाटेत ठरवलं होतं की आईला यातलं काही सांगायचं नाही. पण तीच अंगणात उभी, माझ्यावर भडकलेली. म्हणाली, जुनं इंजिन दुरुस्त केलंस ते सांगायचं नाही का? आणि कुणाला चालवायला ठेवून गेला होतास? दुपारी चांगलं पंधरा-वीस मिनिटं चाललं, तोच खोकला. मी मुलांना घेऊन विहिरीवर जाईपर्यंत बंद झालं. हात लावला तर चटका बसला.

मग तिने जे म्हटलं ते मी विसरलो नाही.

"एवढं चाललं, पण पाटाला थेंब नाही आला. मग ते ओढत काय होतं?"

मी धावत खोपीत गेलो. थोरल्याच्या अंगाला हात लावला. कोमट होता. सकाळचं कुंकू घामाने ओघळावं तसं तेलात ओघळलेलं. नवं इंजिन सुरू करायचं हँडल दिवसभर माझ्या पिशवीत होतं, पट्टा त्याच्यावरच, जागच्या जागी. शिडी लावून माळ्यावर चढलो. गोणपाटाची गाठ तशीच, वर दोन वर्षांची धूळ. सोडून बघितलं. पिस्टन आत होता, थंड.

खुलासे मीही शोधले. काठालगत कधी उलटा प्रवाह असतो. पेद्रूमामा म्हणाला, त्या जागी नाही, चाळीस वर्षांत नाही. ऊन म्हणावं तर खोपीवर झावळ्यांचं छप्पर. खाडीपासून आमची वाडी मैलोगणती लांब, आवाज जायचा प्रश्नच नाही. आणि आईला आमचं काय झालं ते तेव्हा ठाऊकच नव्हतं.

शेटजींना सगळी चूक माझीच, हे सांगून टाकलं. ते रागावले, पण माणसं वाचली ना, म्हणाले. ताईला मी एकदाच विचारलं, तुला भीती कशी नाही वाटली? ती म्हणाली, वाटली होती रे, पण दोन भाऊ असताना किती वाटणार.  एका भावाने तर तिला बुडवायलाच नेलं होतं. पुढे ती होती तोवर दर भाऊबीजेला आली. आधी थोरल्याला ओवाळायची, मग मला. मी पुन्हा चेष्टा केली नाही. उलट तिच्या आधी जाऊन त्याचा गंज पुसून ठेवायचो.

ताईला जाऊन सहा वर्षं झाली. भंगारवाले येतात, मी देत नाही. मध्यंतरी त्याचा सिलिंडर सांधून, पिस्टन घालून चालवायचा प्रयत्नही केला. तो परत कधी चालला नाही. मला भूतखेत आजही पटत नाही. पण इंजिन चाललं म्हणजे त्याचं काम कुठेतरी जातं, एवढं मी जन्मभर शिकलो आहे. त्या दिवशी पाटाला पाणी आलं नव्हतं.