तिने परत मागितलेल्या सुपाऱ्या

बाईमहाराज कीर्तनात आवाज कधी चढवायची नाही. मुद्द्याचं बोलायची वेळ आली की उलट उतरवायची. माइक हाताने बाजूला सारायची आणि सगळा मांडव बसल्या जागी पुढे सरकायचा. हदगाव तालुका तिला अहो-जाहो करतो. मी करणार नाही. शाळेत आम्ही एका पट्टीवर बसलो आहोत, आणि तिच्या पाटीवर बहुतेक वेळा माझंच गणित असायचं.

मी आमच्याच गावात उपकेंद्रावर नर्स. लसीकरणाच्या दिवशी मी बायकांना चार गोष्टी समजावून सांगायला लागले की एखादी जांभई द्यायची, एखादी पोराचं नाक पुसायची. "सिस्टर, आटपा की. सैपाक राहिलाय." तेच बाईमहाराज मांडवात बोलली की त्याच बायका डोळ्याला पदर लावायच्या. माझ्या सासूला माझ्या हातचा चहा अगोड लागायचा, पण बाईमहाराजने अर्धा पिऊन ठेवलेला कप ती प्रसाद म्हणून संपवायची. सरळच सांगते, मी जळायचे तिच्यावर.

पोटात पोरी मारू नका, हा तिचा नेहमीचा विषय. त्यासाठी तिने एक रीत पाडली होती. कीर्तन संपलं की सासवांना पुढे बोलवायची, एकेकीच्या पदरात सुपारी टाकायची आणि वदवून घ्यायची, "माझ्या घरात पोटातलं पाडू देणार न्हाई." त्या सुपाऱ्या घरोघरी देव्हाऱ्यात जाऊन बसल्या. काम चांगलं होतं, मी नाही म्हणत नाही. गावात पोरींचे पाळणे हलायला लागले ते काही माझ्या भाषणांनी नव्हे.

पण दोन कायद्यांचा तिने एक करून टाकला होता. पोटात मुलगा की मुलगी हे तपासणं गुन्हा, हे बरोबर. बाईच्या जिवाला धोका असेल तर डॉक्टरांकडून गर्भ काढून घ्यायला मात्र कायद्याची मुभा आहे, आणि ते तिच्या कीर्तनात कधी आलंच नाही. मी टोकलं तर म्हणायची, "सुमे, मांडवात दोन गोष्टी सांगितल्या की लोक तिसरीच घेऊन घरी जातेत." आजूबाजूचे हसायचे.

शुभांगी माझ्या नणंदेची मुलगी, गावातच दिलेली. पहिलटकरीण. तिसऱ्या महिन्यातच तिला घागर उचलताना धाप लागायला लागली. नांदेडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदयाची झडप आकसली आहे, दिवस भरेपर्यंत पोरगी टिकणार नाही. आधी गर्भ काढू, मग झडपेचं ऑपरेशन करू. शुभांगी सज्ञान होती, तिची एकटीची सही पुरे होती. ती तिने केली नाही. तिची सासू मला म्हणाली, "म्या सुपारी घेतलीय. देवाला दिलेला शब्द हाय, अन् सरकारचा बी गुन्हा हाय. तुम्ही सरकारच्या नर्स असून काहून असं सांगून राहिल्या?" मी कायदा फोड करकरून सांगितला. शुभांगी खाली बघत म्हणाली, "मामी, बाईमहाराज खोटं कशाला सांगतील?" जिवावर बेतलं होतं, तरी पोरीला शब्द तिचाच खरा वाटत होता.

मग नाक मुठीत धरून मी बाईमहाराजच्या दारात गेले. ती शेंगा निवडत बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मग खोदून खोदून विचारलं. ऑपरेशन आधी होत न्हाई का? दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं का? पोलीस तर धरणार न्हाई ना तिला? मी उत्तरं देत गेले. नंतर ती पुन्हा शेंगा निवडायला लागली. मला वाटलं, आता एखादा दृष्टांत देऊन ही मला वाटेला लावणार. तिने सूप बाजूला ठेवलं, चपला घातल्या आणि म्हणाली, "चल."

शुभांगीच्या ओसरीवर जाऊन तिने सासूसमोर स्वतःचा पदर पसरला. "म्या दिलेली सुपारी मला वापस द्या." सासू घाबरून तिच्या पायाशी वाकली. तिने तिला धरून उठवलं. "पोरी मारू नका म्हणले होते, माय. सुना मरू द्या म्हणले न्हाई. माझं सांगणं अर्धं होतं." सासूने देव्हाऱ्यातली सुपारी आणून तिच्या पदरात टाकली. दुसऱ्या दिवशी नांदेडला शुभांगीने सही केली. मी किती दिवस घसा कोरडा केला होता, आणि हिला चहा गार व्हायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

एवढ्यावर ती थांबली असती तर तिचं काही बिघडलं नसतं. पण पुढच्याच कीर्तनात तिने भर मांडवात सांगितलं की बाईच्या जिवावर आलं तर कायदा बाईच्या बाजूने आहे, आणि देव तिच्या विरुद्ध असेल असं मला वाटत नाही. मग दिलेल्या सगळ्या सुपाऱ्या परत मागितल्या. थोड्या बायका हो म्हणाल्या, बाकीच्या जमिनीकडे बघत राहिल्या. पुरुषांच्या बाजूने एक जण उठून गेला, त्याच्यामागे रांग लागली. कुणीतरी तिच्या बोलण्याचा मधलाच तुकडा मोबाइलवर फिरवला. पुढच्या सप्ताहाला दुसरे महाराज आले आणि पाप शिकवणाऱ्या बायांवर तासभर कडाडले. हिमायतनगरपर्यंतच्या तिच्या तारखा एकेक करून रद्द झाल्या.

ती भावाकडे लातूरला राहायला निघाली तेव्हा हदगावच्या स्टँडवर मी होते आणि शुभांगी होती, ऑपरेशन होऊन बरी झालेली. शुभांगी आधी तिच्या पाया पडली, नंतर माझ्या. ते माझ्या नजरेतून सुटलं नाही. एसटीच्या खिडकीतून बाईमहाराज हसून म्हणाली, "सुमे, आता माझं ऐकणारे तुझ्याएवढेच उरले बघ."

"येशील की वापस," मी म्हटलं.

"बोलावलं तर."

अजून कुणी बोलावलेलं नाही. परवा लसीकरणाला आलेली एक नवी सून दुसरीच्या कानाला लागली होती, "जिवावर आलं तर कायदा हाय. बाईमहाराजांनी सांगितलंय." मी शेजारीच इंजेक्शन भरत होते. अगं, हे मी किती वर्षं सांगतेय, असं ओठावर आलं होतं, ते गिळलं. तिच्या गर्दीचा हेवा वाटायचा तोवर बरं होतं. गर्दी आज ना उद्या आपल्यालाही मिळेल, अशी आशा तरी धरता यायची. ती सगळी गर्दी आपलं अर्धं सांगणं पुरं करण्यासाठी तिला टाकून देता आली, याचा हेवा वाटतो त्याचं मी काय करू?