चार कोपऱ्यांची गाठ

किल्लीआत्याला पुढचं दिसायचं. चर्चचं छप्पर गळणार हे तिला आधीच दिसलं होतं, आणि ते गळलं. आता ते छप्पर कित्येक वर्षं गळायच्या बेतातच होतं, ही गोष्ट वेगळी. पण मंडळीत तिचा शब्द कोणी खाली पडू देत नसे. चर्चची राखण करणारा नवरा गेल्यावर तिथल्या किल्ल्या तिच्याकडे आल्या. त्या तिने कमरेला खोचल्या आणि दारावर असा वचक बसवला की पाळकसाहेबसुद्धा पाय पुसल्याशिवाय आत जात नसत.

पोटापाण्यासाठी ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात होती. तिथला एक नियम तिने झोपेतही मोडला नसता. लागण झालेल्या रोग्याची चादर चारी कोपरे एकत्र धरून, गाठ मारून खाली यायची. ती गाठ सोडायची नाही, आत बघायचं नाही, गाठोडं तसंच उकळत्या पाण्यात ढकलायचं. तिच्या जोडीची एक बाई गाठ सोडायला गेली आणि जिवाला मुकली. तेव्हापासून आत्या त्या गाठीला चळाचळा कापायची.

एका दुपारी वाफेत उभी असताना तिला ती चादर दिसली. आभाळातून खाली येत होती, चारी कोपरे वर धरलेले आणि आत माणसं. अनोळखी, चिखलाने माखलेली. आवाज आला, "घे." आत्याला ती लागणीचीच चादर वाटली. धुलाईखान्यात 'घे' म्हणजे घे आणि ढकल.

त्याच आठवड्यात वादळाने फरशीच्या कारखान्यातल्या मजुरांच्या झोपड्या उडवल्या. दूरच्या मुलखातली माणसं, बोली निराळी, पण गळ्यात क्रूस. ती चर्चच्या दाराशी आली. एकाची बायको तापाने फणफणली होती. "हिला तेवढी आत निजू द्या," तो मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला.

आत्याने जमलेल्या मंडळीला दर्शन सांगितलं. "देवाने मला सावध केलंय. ही माणसं आत घेतली तर आपल्यातलं कोणी उरायचं नाही."

लोकांचा जीव भांड्यात पडला. दार लावायचं सगळ्यांच्याच मनात होतं, फक्त वाईटपणा कोणाला नको होता. तो आता देवानेच घेतला. पाळकसाहेबांनी घसा खाकरला, पण बोलले काही नाहीत. आत्याने कुलूप घातलं. माणसं बाहेर ओसरीवर पडून राहिली.

ती बाई सकाळी ओल्या फरशीवरच गेली. इस्पितळातून आलेली नर्स म्हणाली, "लागण होण्यासारखं काही नव्हतं हो. पत्रा लागून पाय चिघळला होता. ऊब आणि औषध मिळतं तर वाचली असती."

 आत्या तशीच पाळकसाहेबांच्या घरी पोचली.

"साहेब, देवाने मला खोटं कसं दाखवलं?"

"खोटं नव्हतं," ते खाली मान घालून म्हणाले. "अशीच चादर प्रभूच्या एका शिष्याला दिसली होती. तिच्यातलं सगळं त्याला अशुद्ध वाटलं. देवाने सांगितलं, मी शुद्ध केलेलं तू नाकारू नकोस. मग त्याने परक्यांना आपल्यात घेतलं."

"हे तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मीही घाबरलो होतो, आत्या."

आत्याला त्यांचा संताप आला आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. कुलूप काही त्यांनी घातलं नव्हतं. ती तडक चर्चकडे निघाली. दार सताड उघडायचं आणि त्या माणसाचे पाय धरायचे, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

तो बायकोच्या उशाशी बसला होता. आत्याला येताना पाहून घाईघाईने उठला आणि अंथरूण गोळा करू लागला. तिने कमरेच्या किल्ल्यांना हात घातला.

"जातो, बाई, जातो," तो हात जोडून म्हणाला. "हिला पुरून येऊ द्या. मग ओसरी धुऊन देतो."