चिटबॉय आप्पा आणि मळईचं रान

उसाचं कांडं चघळून आप्पा सांगायचे, हा ऊस कुणाच्या रानातला, कितव्या सरीतला, आणि पाणी दिलं त्या दिवशी मालकाचं बायकोशी वाजलं होतं की नाही. शेवटचं तर कधीच चुकलं नाही. मालक स्वतः कान धरत. कारखान्याच्या ऊसतोडीच्या चिठ्ठ्या वाटणारे हे आमचे वडगाव रासाईचे चिटबॉय. पन्नाशी उलटली तरी 'बॉय'च.

"बांधाला बांध लागला की भांडान बी लागतं आन् बिबट्या बी," असं ते म्हणत. यंदा बिबट्या इतका माजला की गावची कुत्री भुंकायच्या आधी चारी दिशा बघून घेत. तोड सुरू झाली तसा तो उरलेल्या उसात सरकत गेला. बाहेरगावच्या ऊसतोड टोळीच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, कुठं घालायच्या, हे आप्पांनी ठरवायचं होतं. टोळीत अकरा लेकरं.

मी पुण्यात कोड लिहून पोट भरतो; तेव्हा गावी आलो होतो. बिबट्या कुठून कुठं सरकेल ते कळावं म्हणून आप्पांनी जोड्या सांगितल्या, कुणाचा ऊस कुणाच्या उसाला लागून. मी टाइप केल्या. रान म्हणजे ठिपका, लागून असलं की रेघ. एंटर दाबलं आणि स्क्रीनभर कोळ्याचं जाळं!

"कारखान्याच्या नकाशाची आय मेली की रं!" आप्पा खूश. जाळ्यापासून लांब, नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत, मळईत कोप्या पडल्या.

चौथ्या दिवशी तिथलं कुत्रं नाहीसं झालं. संध्याकाळी आप्पा माझ्या दारात.

"ह्यात मळईचा ऊस कुठं हाय?"

"त्याला कुणाचा ऊस लागतच नाही, आप्पा. मी फक्त जोड्या दिल्या. जोडी नाही, त्याचा ठिपका येत नाही."

आप्पांचा आवाज एकदम खाली गेला. "म्हंजी शेजार न्हाई ते रानच न्हाई? आन् बिबट्याला चालाया तुझी रेघ लागती व्हय?"

आम्ही ट्रॅक्टर घेऊन मळईत पोचलो. ऊस वारा नसताना हलत होता. आप्पांनी लेकरं दोनदा मोजून ट्रॉलीत बसवली.

"आन् बैलं?" मुकादम रडकुंडीला आला.

"मी सोडतो," आप्पा म्हणाले.

"आप्पा, राहू द्या हो!" मी म्हणालो.

"मुकं जनावर दाव्याला ठिवून पळू? तू पोरांजवळ थांब. तेवढं तरी नीट कर."

ट्रॉली शाळेत पोचली. थोड्या वेळानं बैल आले, सहाच्या सहा, तोंडाला फेस आलेले. दावी मागं फरफटत होती. एकही तुटलेलं नव्हतं. सगळ्या गाठी हातानं सोडलेल्या. आम्ही रस्त्याकडं बघत राहिलो. बैलांमागून कुणी आलं नाही.